पिल्लू घेताना साठ किलोंचा विचार करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांच्या परीक्षा संपत आल्या की घराघरांत कुत्रा आणण्याचा हट्ट सुरू होतो. अलीकडे हा हट्ट लॅब्राडोर किंवा पामेरियनवर थांबत नाही. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, तिबेटन मॅस्टिफ अशा अवाढव्य जातींची चौकशी होते. दाखवले जाते ते आठ आठवड्यांचे, सात-आठ किलोंचे, मांडीवर मावणारे पिल्लू. घरात राहणार असतो तो मात्र साठ, सत्तर, कधी ऐंशी किलोंचा प्राणी. ज्यांनी अजून इसार दिलेला नाही, अशा कुटुंबांसाठी हे पत्र आहे.

पहिला प्रश्न जागेचा नाही. 'बंगला आहे, अंगण आहे, मग काय अडचण?' असे सहज म्हटले जाते. प्रौढ ग्रेट डेन दिवसाचा बराचसा वेळ लोळून काढतो. दोन वेळचे निवांत फिरणे मिळाले तर तो मध्यम आकाराच्या फ्लॅटमध्येही नीट राहतो. खरा प्रश्न उचलण्याचा आहे. सिमेंटचे पोते पन्नास किलोंचे असते. त्याहून जड, वेदनेने विव्हळणारा आणि चार पाय चार दिशांना असलेला जीव तुमच्या घरातली माणसे तिसऱ्या मजल्यावरून खाली कशी आणणार? पुण्या-मुंबईतल्या जुन्या तीन-चार मजली इमारतींत लिफ्ट नसते, आणि नव्या इमारतींतली लिफ्टही कधी ना कधी बंद पडतेच. या जाती सात-आठ वर्षांच्या झाल्या की मागचे पाय थकतात. शेवटचे वर्षभर तरी आधार द्यावा लागतो. जाड सतरंजीवर कुत्र्याला आडवे घेऊन चारी कोपरे चार माणसांनी धरायचे, ही त्यातल्या त्यात सुरक्षित पद्धत. रात्री दोन वाजता ही चार माणसे कोण असतील, त्यांची नावे आजच घेता यायला हवीत. लिफ्ट नसलेल्या इमारतीत पहिल्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी अवाढव्य जातीचा विचार सोडून द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जिन्याचा संबंध लहानपणाशीही आहे. नॉर्वेमध्ये न्यूफाउंडलंड, लिओनबर्गर, आयरिश वुल्फहाउंड आणि लॅब्राडोर यांच्या पिल्लांचा दीर्घ अभ्यास झाला. पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढ-उतर करणाऱ्या पिल्लांत खुब्याच्या सांध्याचा हिप डिस्प्लेसिया हा दोष होण्याचा धोका वाढलेला दिसला. मऊ, उंचसखल मोकळ्या जमिनीवर बागडलेल्या पिल्लांत तो कमी होता. आपल्याकडे त्यात भर पडते ती गुळगुळीत फरशीची. व्हिट्रिफाइड टाइल्सवर वाढत्या पिल्लाचे मागचे पाय फाकतात, ते घसरते, सांधे ओढले जातात. जेवणाच्या जागेपासून झोपण्याच्या जागेपर्यंत आणि तिथून दारापर्यंत रबरी मॅट किंवा जाड गोणपाटाची सलग वाट हवी. मधे मधे टाकलेली पायपुसणी स्वतःच घसरतात. त्यांचा उपयोग नाही. अंथरूण किमान चार-पाच इंच जाडीचे आणि टणक फोमचे असावे. नुसत्या फरशीवर बसून या कुत्र्यांच्या कोपरांवर घट्टे पडतात आणि पुढे पाणी भरलेल्या गाठी येतात.

आता आहार. सर्वाधिक नुकसान इथेच होते, आणि तेही प्रेमापोटी. ग्रेट डेनचे पिल्लू जन्मतः अर्धा ते पाऊण किलोचे असते आणि दीड वर्षात त्याच्या शंभरपट होते. माणसाचे मूल वीसपट व्हायला अठरा वर्षे घेते. इतक्या वेगाने वाढणाऱ्या हाडांना 'ताकद' मिळावी म्हणून घरोघरी कॅल्शियमचे सिरप सुरू होते. पिल्लासोबत ते बऱ्याचदा दुकानदारच देतो. हे करू नये. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नाकारता येत नाही. जेवढे पोटात जाते त्याचा मोठा भाग शरीरात शोषला जातो. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठात १९८०च्या दशकात ग्रेट डेनच्याच पिल्लांवर हे तपासले गेले. जादा कॅल्शियम मिळालेल्या पिल्लांची हाडे मजबूत तर झाली नाहीतच, उलट हाडांची नैसर्गिक जडणघडण बिघडली आणि सांध्यांच्या कूर्चेत दोष निर्माण झाले. पुढचे पाय बाहेर वळणे, मनगट खचणे, लंगडणे ही लक्षणे दिसली की घरचे सिरपचा डोस आणखी वाढवतात आणि दुखणे बळावते.

याचा अर्थ दूध-चपाती किंवा नुसते चिकन-भात पुरेसे आहे, असाही नाही. चिकन-भातात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फारच कमी. त्यावर वाढलेल्या पिल्लाची हाडे ठिसूळ होऊन साध्या उडीने मोडतात. घरचे अन्नच द्यायचे असेल तर पशुवैद्यकाकडून ग्रॅममध्ये मोजलेली पाककृती घ्यावी आणि वजन वाढेल तसे दर महिन्याला प्रमाण बदलून घ्यावे. बहुतेक घरांना हे झेपत नाही, म्हणून पहिले अठरा महिने मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेले तयार खाद्य हा सोपा मार्ग. पिशवीवर 'लार्ज ब्रीड पपी' किंवा 'जायंट ब्रीड पपी' असे लिहिलेले असावे, आणि (ओलावा वगळून उरणाऱ्या) कोरड्या वजनावर कॅल्शियम १.८ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. ही मर्यादा अमेरिकेतील पशुखाद्य मानकांत मोठ्या जातींसाठी मुद्दाम घातलेली आहे. असे खाद्य सुरू असताना वरून कॅल्शियमचा थेंबही नको. पिल्लू गुबगुबीतही नको. बरगड्यांवरून हात फिरवला तर त्या सहज मोजता आल्या पाहिजेत. 'तुमचा कुत्रा बारीक दिसतो' असे शेजारी म्हणत असतील तर बहुधा सगळे बरोबर चालले आहे.

एका आजाराबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तो कळण्याआधीच कुत्रा जातो. जठरात हवा भरून ते स्वतःभोवती पीळ खाते. बोलीभाषेत त्याला 'ब्लोट' म्हणतात. पीळ पडला की अन्नाचा मार्ग दोन्ही बाजूंनी बंद होतो, फुगलेले जठर मोठ्या रक्तवाहिन्या दाबते, हृदयाकडे परतणारे रक्त थांबते आणि काही तासांत मृत्यू होतो. खोल, अरुंद छातीच्या जातींना हा धोका अधिक आणि त्यांत ग्रेट डेन सर्वांत वर. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या अभ्यासात ग्रेट डेनला आयुष्यभरात हा आजार होण्याची शक्यता तिनात एक किंवा त्याहूनही जास्त आढळली. लक्षणे पाठच करावीत. कुत्रा उलटी काढल्यासारखे करतो पण फेसाशिवाय काही पडत नाही. तोंडाला लाळेच्या तारा लागतात. तो एका जागी बसत नाही, वळून पोटाकडे पाहतो. डाव्या बरगडीमागचे पोट फुगते आणि बोटाने वाजवल्यास ढोलासारखा आवाज येतो. यातली पहिली दोन लक्षणे दिसली की पोट फुगण्याची वाट पाहू नये.

या वेळी ओवा, हिंग, खायचा सोडा, गॅसचे सिरप यांतले काहीही देऊ नये. पीळ पडलेल्या जठरातून औषध पुढे जातच नाही. जातो तो हातातला वेळ. हवे असते ते एक्स-रे, दोन मोठ्या शिरांतून भरभर सलाइन, जठरातली हवा काढणे आणि भूल देऊन शस्त्रक्रिया. म्हणून पिल्लू आणण्यापूर्वी एक काम नक्की करा. तुमच्या घरापासून तासाभरात पोहोचता येईल असा, रात्री उघडा असणारा आणि साठ किलोंच्या कुत्र्याच्या पोटाची शस्त्रक्रिया करणारा दवाखाना कोणता, हे शोधा. नुसते 'चोवीस तास सेवा' या पाटीवर विसंबू नका. रात्री भूल देणारे डॉक्टर असतात का, एक्स-रे चालू असतो का, असे थेट विचारा. मुंबईत परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. सातारा जिल्ह्यात शिरवळला आणि नागपूरला शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. आपल्या गावापासून ती किती दूर आहेत आणि कोणत्या वेळी कोणती सेवा मिळते, ते आधीच विचारून ठेवावे. तासाभराच्या अंतरावर अशी सोय नसेल, तर खोल छातीचा कुत्रा घेणे म्हणजे त्याचा जीव टांगणीला लावणे होय.

धोका कमी करता येतो. दिवसातून एकदाच भरपेट न देता दोन-तीन वेळा विभागून खाऊ घालावे. अधाशासारखे गिळणाऱ्याला आतल्या तळाला उंचवटे असलेल्या वाडग्यात द्यावे. 'उंच कुत्र्याला उंच स्टँड हवाच' ही समजूत दुकानांतून पसरली आहे, पण पर्ड्यूच्याच अभ्यासात उंच वाडग्यातून खाणाऱ्या मोठ्या कुत्र्यांत हा आजार जास्त दिसला होता. मानेचे दुखणे नसेल तर वाडगा जमिनीवरच ठेवावा. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे 'गॅस्ट्रोपेक्सी': जठराची भिंत उजव्या बाजूच्या पोटाच्या भिंतीला टाक्यांनी कायमची जोडणे. त्यानंतरही हवा भरू शकते, पण पीळ जवळपास पडतच नाही. नसबंदीसोबत एकाच भुलेत हे उरकता येते. मात्र या जातींत नसबंदी सहा महिन्यांत उरकू नये. हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण दीड ते दोन वर्षे, थांबणे सांध्यांच्या हिताचे असते. मादी असेल तर तोवर तिचे माज सांभाळण्याची तयारी लागते, हेही लक्षात असू द्यावे.

उन्हाळ्याबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. सेंट बर्नार्डची जात आल्प्समधल्या, समुद्रसपाटीपासून २,४०० मीटरहून उंच खिंडीतल्या मठात घडली. दुहेरी लोकर आणि प्रचंड देह ही बर्फातली जमेची बाजू. देह जितका मोठा तितके वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ कमी, त्यामुळे आतली उष्णता बाहेर पडायला वाट कमी. कुत्रा घामाने नव्हे, धापा टाकून थंड होतो, आणि हवा दमट असेल तर जिभेवरचे पाणी उडतच नाही. म्हणून मुंबई-कोकणातले ३४ अंश त्याला जळगाव-अकोल्यातल्या कोरड्या ४२ अंशांइतकेच जाचू शकतात. विदर्भ-खानदेशात कूलर काही प्रमाणात कामाचा. किनाऱ्यावर तो ओल वाढवतो, तिथे एसीच लागतो. दीड टनाचा एसी ताशी साधारण एक ते दीड युनिट वीज घेतो. दिवसाचे बारा तास धरले तर महिन्याला साधारण साडेतीनशे ते साडेपाचशे युनिट होतात. घरातला नेहमीचा इन्व्हर्टर एसी ओढत नाही, तेव्हा भारनियमनाच्या दुपारची वेगळी सोय लागते. अंगावरची लोकर वस्तऱ्याने साफ काढणे हा उपाय नव्हे, त्याने त्वचा भाजते. आतली मेलेली लोकर रोज विंचरून काढावी. उष्माघात झालाच, म्हणजे कुत्रा झोकांड्या खाऊ लागला, हिरड्या गडद लाल झाल्या, गुदद्वारातले तापमान ४१ अंश सेल्सियसच्या वर गेले, तर आधी अंगावर भरपूर साधे पाणी ओतून पंखा लावावा आणि मग दवाखान्याकडे निघावे. तापमान ३९.५वर आले की पाणी थांबवावे, नाहीतर ते फार खाली घसरते.

या सगळ्याचा विचार करता सेंट बर्नार्ड आणि न्यूफाउंडलंड महाराष्ट्र-गोव्याच्या हवेत आणूच नयेत, असे आम्हाला ठामपणे वाटते. ग्रेट डेनचे केस आखूड असतात. घरात थंडावा, पहाटे साडेसहाच्या आत आणि रात्री आठनंतर फिरणे एवढे पाळले तर तो तग धरतो.

खर्चाचा हिशेब स्वतः करून पाहता येतो. साठ किलोंच्या कुत्र्याची विश्रांतीची ऊर्जागरज दिवसाला साधारण १,५०० किलोकॅलरी. घरातल्या सामान्य हालचालीसाठी ती २,४०० ते ३,००० होते. कोरड्या खाद्यात किलोमागे सुमारे ३,६०० किलोकॅलरी धरल्या तर रोज ६५० ते ८५० ग्रॅम, महिन्याला वीस ते पंचवीस किलो. आपण घेणार त्या खाद्याच्या किलोच्या भावाने याला गुणा. चारशे रुपयांचा भाव असेल तर आठ ते दहा हजार फक्त वाडग्यात जातात. औषधे वजनावर ठरतात. जंताच्या नेहमीच्या गोळ्या दहा किलोंना एक, म्हणजे एका वेळी सहा. गोचिडांवरची सर्वांत मोठी गोळी साधारण ५६ ते ६० किलोंपर्यंतच पुरते. त्यावरच्या वजनाला दोन गोळ्यांची जोडी द्यावी लागते, आणि आपल्याकडे गोचिडतापाचा प्रादुर्भाव पाहता हा खर्च टाळता येत नाही. भूल, सलाइन, प्रतिजैविके सगळे त्याच पटीत. लस तेवढी चिहुआहुआला जेवढी, तेवढीच ग्रेट डेनला.

पट्टा कोण धरणार, हा निर्णय घरात मोठ्याने बोलून व्हावा. सहा महिन्यांचा ग्रेट डेन चाळीस किलोंच्या घरात जातो आणि डोक्याने अजून पिल्लूच असतो. शेजारच्या मांजरामागे त्याने पावसाळ्यातल्या निसरड्या रस्त्यावर झेप घेतली तर पन्नास किलोंची आई किंवा सत्तरीतले आजोबा त्याला थोपवू शकत नाहीत. पट्टा ओढायचा नाही, हे शिक्षण तो दहा किलोंचा असतानाच पूर्ण व्हायला हवे. छातीवर कडी असलेला हार्नेस वापरावा, आणि पट्टा मनगटाभोवती कधीही गुंडाळू नये. घरात पाच वर्षांखालचे मूल किंवा तोल सांभाळून चालणारे वृद्ध असतील तर दोन-तीन वर्षे थांबलेले बरे. हा कुत्रा स्वभावाने गरीब असतो. नुसत्या लाडाच्या धक्क्याने तो माणूस पाडतो आणि शेपटीच्या फटक्याने टीपॉयवरचे कप उडवतो. तीच शेपटी भिंतीवर आपटून तिचे टोक फुटते आणि ती जखम महिनोन् महिने भरत नाही.

गणपतीला गावी जाणार असाल तर? रिक्षात तो मावत नाही, लहान हॅचबॅकमध्ये मागची सीट पाडूनच बसतो. रेल्वेत प्रवाशासोबत न्यायचा तर प्रथम श्रेणी वातानुकूलित डब्यातली पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्या नावे असावी लागते, नाहीतर त्याला गार्डजवळच्या ब्रेक व्हॅनमध्ये एकटे ठेवावे लागते. बोर्डिंग चालवणारे अनेकजण एवढा मोठा कुत्रा घेत नाहीत, तेव्हा हे आधीच विचारून ठेवावे.

कायद्याबाबत थोडक्यात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला आकारावरून कुत्र्याला बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. केंद्राने मार्च २०२४ मध्ये मॅस्टिफसह तेवीस जातींवर बंदीचे परिपत्रक काढले होते. ते त्याच वर्षी एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी रद्द केले. मात्र निष्काळजीपणामुळे कोणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होण्याची शक्यता निर्माण झाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस चुकवू नये.

विकणाऱ्याकडे जाताना केनेल क्लबचा कागद पाहून हुरळून जाऊ नका. तो वंशावळीचा दाखला आहे, आरोग्याचा नव्हे. आईबापांचे दोन वर्षांच्या वयानंतर काढलेले खुब्याचे एक्स-रे, हृदयाची टूडी इको तपासणी, आणि जवळच्या नात्यात कोणाला ब्लोट झाला होता का, हे मागा आणि विचारा. आई प्रत्यक्ष दाखवायला टाळाटाळ झाली तर परत फिरा. २०१७च्या श्वान प्रजनन नियमांनुसार विक्रेत्याची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि पिल्लू आठ आठवड्यांखाली विकता येत नाही. 'पंचेचाळीस दिवसांचे तयार' अशी जाहिरात म्हणजे नियमभंगाची कबुलीच.

उंच, देखणा आणि आपल्या हवेचा कुत्रा हवा असेल तर सोलापूर-सांगली पट्ट्यातला कारवान हाउंड आहे. उंची डेनच्या जवळ जाणारी, वजन मात्र तीस किलोंच्या आत. त्याला रोज मोकळ्या मैदानात धावायला लागते, तेवढे वेळापत्रकात बसवता आले पाहिजे.

आणि ज्यांच्या घरी ग्रेट डेनचे पिल्लू आधीच आले आहे, त्यांनी या आठवड्यात तीन गोष्टी कराव्यात. कॅल्शियमची बाटली बंद करून ती पशुवैद्यकाला दाखवावी. दीड वर्षानंतरच्या गॅस्ट्रोपेक्सीबद्दल आताच बोलून ठेवावे. आणि रात्री चालू असणाऱ्या दवाखान्याला एकदा रात्रीच फोन करून, पलीकडून कोण उचलतो ते ऐकून, मगच तो क्रमांक फ्रिजवर लावावा.

आपले नम्र,
मोठ्या जातीच्या कुत्र्यांवर उपचार करणारे काही पशुवैद्यक, पुणे